‘म्हणजे’ मोजणारे भाऊसाहेब

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. आमचे हे म्हणतात, शेंड्यावर कुठला, तो तुझ्या चार पावलं पुढेच चालतो. त्यामुळे मी कुणाचे तरी आभार मानायला कागद-पेन घेऊन बसले आहे म्हटल्यावर घरात सगळ्यांच्या भुवया वर गेल्या. जाऊ देत. देशाच्या वरच्या सभागृहात मी सहा वर्षं माझ्या राज्याची प्रतिनिधी होते. त्या सहा वर्षांत माझ्या हातून एक काम धड झालं असेल, तर ते भाऊसाहेबांमुळे. हे त्यांना सांगायला मला शेवटचा दिवस उजाडावा लागला, आणि तेव्हाही नीट सांगता आलं नाही. ते आता सांगते.

भाऊसाहेब माझ्या कार्यालयातले लेखनिक. कार्यालय मोठं नव्हतं. चौथ्या मजल्यावर जिन्याला लागून एक खोली, दोन टेबलं, एक लोखंडी कपाट. त्या कपाटाचा खालचा कप्पा लाथ मारल्याशिवाय उघडत नसे. दाराजवळच्या टेबलावर भाऊसाहेब बसत. समोर संगणक, डाव्या हाताला डिंकाची बाटली, उजव्या हाताला पाकिटांची चवड. त्यांची नेमणूक माझ्या मुदतीपुरती होती. मी सदस्य आहे तोवर ते, मी गेले की तेही गेले. आधी ते ज्या सदस्याकडे होते ते गृहस्थ निवडणूक हरले आणि भाऊसाहेब दीड वर्ष घरी बसले. माझ्याकडे आले तेव्हा पन्नाशी उलटली होती, घरी बायको होती आणि अंथरुणाला खिळलेली सासू होती. मुलाखतीत मी विचारलं, ‘‘तुमचा विशेष गुण काय?’’ ते म्हणाले, ‘‘बाई, मला लवकर काही कळत नाही.’’ मला वाटलं, विनयानं बोलताहेत. घेतलं कामावर.

मी बावीस वर्षं वकिली केलेली. माझं वाक्य एकदा सुरू झालं की कुठे थांबेल याचा मलाच नेम नसे. दर महिन्याला राज्यातल्या चाळीस हजार घरी मी एक पत्र पाठवायचं ठरवलं होतं: सभागृहात काय झालं, मी काय बोलले, कोणता कायदा येतो आहे. पहिलं पत्र चार पानी झालं. ‘सदर प्रकरणी यथोचित कार्यवाही प्रस्तावित असून’ अशी सुरुवात होती, म्हणजे नमनालाच घडाभर तेल. माझ्या मते ते फार उत्तम उतरलं होतं. भाऊसाहेबांनी ते हातात घेतलं, उठले आणि बाहेर गेले. दहा मिनिटांनी परत आले, तेव्हा पत्राच्या समासात शिसपेन्सिलीनं बारीक बारीक ‘म’ काढलेले होते. मी मोजले, चौदा भरले.

‘‘हे काय?’’

‘‘‘म्हणजे’, बाई.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘हां, तेच.’’

मग उलगडा झाला. आमच्या इमारतीची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. तळापासून चौथ्या मजल्यापर्यंत यायला तिला सव्वा मिनिट लागे. ती चालवणारे लिफ्टमन सातवीपर्यंत शिकलेले, पण वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणारे. भाऊसाहेब त्यांना लिफ्टमध्ये उभं राहून पत्र वाचून दाखवत. लिफ्टमन जिथे ‘‘म्हणजे?’’ म्हणत तिथे एक ‘म’ पडे. तीनपेक्षा जास्त ‘म’ झाले की कागद परत.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ‘‘मी काय लिफ्टमनसाठी पत्र लिहिते?’’

‘‘चाळीस हजार घरी जाणार ना, बाई? त्यात वकिलांची घरं किती असतील?’’

मी कागद टेबलावर आपटला. रात्री घरी बसून पत्र पुन्हा लिहिलं. ते दीड पानी झालं आणि त्यात पाच ‘म’ पडले. तिसऱ्या खेपेला दोन पडले. वर्षभरात मला सवय लागली, पण ‘सवय लागली’ असं लिहिताना आजही थोडं जड जातं. मला माणसांसारखं लिहायला एका लेखनिकानं आणि एका लिफ्टमननं शिकवलं, आणि तेही वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी.

टपालाला उत्तरं देण्याचीही त्यांची तऱ्हा न्यारी. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ हे वाक्य त्यांनी आमच्या खोलीतून हद्दपार केलं होतं. जे होणार नाही त्याला ते माझ्या सहीनं सरळ लिहीत, ‘तुमचं हे काम माझ्याकडून होणार नाही. ज्यांच्याकडून होईल त्यांचा पत्ता खाली देत आहे.’ मला धाकधूक वाटायची, लोक दुखावतील. एका गृहस्थांनी उलट टपाली लिहिलं, ‘अकरा वर्षांत पहिल्यांदाच कुणी स्पष्ट नाही म्हणालं. आभारी आहे.’ ते पत्र भाऊसाहेबांनी मला न दाखवता फायलीत लावून टाकलं होतं. मला ते दोन वर्षांनी दुसरंच काही शोधताना सापडलं.

आता मुख्य गोष्ट. पाचव्या वर्षी कामगारांच्या भरपाईचं विधेयक आलं. कामावर इजा झाली तर कामगाराला भरपाई मिळावी, असा तो कायदा. कारखान्याच्या आत काम करणाऱ्यांना ती आधीच मिळत होती. पण कारखान्याचा माल घरी आणून, चपलांचे पट्टे शिवणाऱ्या, बटणं लावणाऱ्या, खोकी चिकटवणाऱ्या बायकांना कुणी विचारत नव्हतं. त्यांचा समावेश व्हावा म्हणून मी समितीत दोन वर्षं भांडले होते. शेवटी कलमात शब्द आले: ‘कारखान्यात व घरी काम करणाऱ्या कामगारास’. शुक्रवारी खालच्या सभागृहात विधेयक मंजूर झालं. सोमवारी ते आमच्याकडे येणार होतं.

मला आनंदानं आभाळ ठेंगणं झालं होतं. त्याच संध्याकाळी मी पत्र सांगितलं: ‘घरी बसून कारखान्याचं काम करणाऱ्या प्रत्येकीला आता इजेची भरपाई मिळणार. हा माझा शब्द.’ पत्राच्या खाली मूळ कलम जसंच्या तसं छापायची भाऊसाहेबांची पद्धत होती, तसं तेही घातलं. लिफ्टमन घरी गेले होते.

‘‘सोमवारी सकाळी एकदा वाचून दाखवतो, मग पाठवू,’’ भाऊसाहेब म्हणाले.

‘‘काही नको. चार ओळींची बातमी, त्यात कसलं ‘म्हणजे’? छापखाना वाट बघतोय. पाठवा.’’

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पाठवलं. शनिवारी चाळीस हजार पत्रं टपालात पडली.

सोमवारी सकाळी सव्वादहाला मी माझं अकरा पानी भाषण चाळत बसले होते. पावणेबाराला मला बोलायचं होतं. भाऊसाहेब आत आले. हातात छापलेलं पत्र, आणि त्याच्या तळाशी, कलमाशेजारी, एक ‘म’.

‘‘पत्र गेलं ना? मग आता कशाला वाचून दाखवलंत?’’

‘‘सवय, बाई. लिफ्टमन विचारतात, कारखान्यात ‘व’ घरी, म्हणजे दोन्हीकडे करणाऱ्यालाच का? त्यांची बायको पट्टे शिवते. कारखान्याची पायरी तिनं कधी चढलेली नाही. मागं आरी तळहातात घुसली, तीन महिने हात बांधून बसली होती. ते म्हणतात, आमच्या हिला मिळेल की नाही?’’

मी कलम वाचलं. पुन्हा वाचलं. कारखान्यात व घरी काम करणारा कामगार. समितीत आम्हाला त्यात दोन प्रकारची माणसं दिसली होती, म्हणून आम्हाला ती दिसतच राहिली. पण भरपाई नाकारायची असं ठरवून बसलेल्या अधिकाऱ्याला त्यात एकच माणूस दिसला असता, दिवसा कारखान्यात आणि रात्री घरी राबणारा. तिथे ‘वा’ हवं होतं. लोक ‘ध’चा ‘मा’ करतात, आम्ही नुसता एक काना खाल्ला होता. दोन वर्षांची समिती, सात वकील, तीन सचिव, आणि एकाच्याही नजरेला ते पडलं नाही.

आणि माझा शब्द चाळीस हजार घरांच्या दारात जाऊन पडला होता. माझं डोकं फिरलं, ते अर्थातच चुकीच्या माणसावर. ‘‘मंत्रालयातल्या एवढ्या शहाण्यांना जे कळलं नाही, ते तुमच्या लिफ्टमनला कळलं?’’

‘‘नाही, बाई. त्यांना कळलं नाही, म्हणून तर सांगायला आलो.’’

मी तशीच उठले आणि मंत्र्यांना त्यांच्या दालनाबाहेर गाठलं. मंत्री माणूस वाईट नव्हता, घाईत होता. म्हणाला, ‘‘अहो, अर्थ उघड आहे. आता दुरुस्ती केलीत तर विधेयक पुन्हा खालच्या सभागृहात जाईल. अधिवेशन उद्या संपतंय. मग पुढच्या वर्षी बघू. एका कान्यासाठी सगळंच घालवायचंय का?’’ त्याचंही खोटं नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर. दुरुस्ती मागावी तर कायदाच लटकणार, गप्प बसावं तर पट्टे शिवणाऱ्या बाईच्या हाती धुपाटणं. मी खोलीत आले आणि खुर्चीत बसून राहिले. सांगायला लाज वाटते, पण गप्प बसावं असं माझ्या मनात येऊन गेलं. कुणाला कळणार होतं?

भाऊसाहेबांनी माझं अकरा पानी भाषण उचलून कपाटावर ठेवलं आणि पुढ्यात एक कोरा कागद ठेवला. ‘‘दुरुस्ती नका मागू. नुसतं विचारा. मंत्री सभागृहात जे बोलतील ते वृत्तांतात छापून येतं ना? मग त्यांच्याच तोंडून ‘हो’ घ्या. उद्या कुणी अडवलं तर ते पान दाखवता येईल.’’

‘‘आणि ते गोल गोल बोलले तर?’’

‘‘लिफ्टमन काय करतात?’’ ते म्हणाले.

पावणेबाराला मी उभी राहिले, हातात तेवढा एक कागद. म्हणाले, ‘‘सभापती महोदय, एका लिफ्टमनची बायको घरी बसून कारखान्यासाठी चपलांचे पट्टे शिवते. कारखान्यात ती कधीच जात नाही. उद्या आरी तिच्या हातात घुसली तर या कलमाखाली तिला भरपाई मिळेल का?’’

मंत्री उभे राहिले. सरकार असंघटित घटकांच्या हिताबाबत कटिबद्ध असल्याचं त्यांनी सांगितलं.

मी म्हणाले, ‘‘म्हणजे?’’

मागच्या बाकांवर कुणीतरी खुदकन हसलं. मंत्री म्हणाले, कलमाची व्याप्ती सर्वसमावेशक असून अंमलबजावणीच्या टप्प्यावर उचित निर्देश देण्यात येतील.

‘‘म्हणजे?’’

आता हशा पिकला. आमच्याच पक्षाचे प्रतोद मला खाली बसायच्या खुणा करत होते. सभापतींनी चष्मा काढून पुसला. मंत्र्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला. त्यानंतरही ते दोन-तीन मिनिटं बोलले, पण मला एकच शब्द हवा होता आणि तो त्यात नव्हता.

‘‘सभापती महोदय, मला लवकर काही कळत नाही. म्हणजे मिळेल की नाही?’’

मंत्री माझ्याकडे बघत राहिले आणि एकदम माणसासारखे म्हणाले, ‘‘हो. फक्त घरी काम करणाऱ्या बाईला मिळेल.’’ खाली बसून भाषणं टिपणाऱ्या प्रतिवेदकाची बोटं चालली आणि ते वाक्य वृत्तांतात गेलं. तासाभरात विधेयकही मंजूर झालं. त्या दिवशी सभागृहात मी बोललेलं सगळं मिळून एका पानात मावलं. माझ्या सहा वर्षांतलं सगळ्यात उपयोगी पान तेच.

इथे मी पेढा खाऊन मोकळी झाले असते, पण भाऊसाहेब होऊ देतील तर ना! ते म्हणाले, दुसरं पत्र पाठवावं लागेल. लोकांना सांगावं लागेल की कलमात घोळ आहे, कुणी अर्ज नाकारला तर वृत्तांताचं हे पान जोडा. मला पटलं. मी लिहिलं: ‘मागील पत्रात अनवधानाने काही बाबींचा उल्लेख अपुरा राहून गेला.’ ते लिफ्टमध्ये घेऊन गेले आणि एकच ‘म’ घेऊन आले.

‘‘काय म्हणतात?’’

‘‘‘म्हणजे चुकलं कोण?’’’

मी पेन फेकलं. खरंच फेकलं, ते कपाटाखाली गेलं. प्रतोदांनी मला बजावलं होतं, पुढचं वर्ष उमेदवारीचं आहे, कागदावर काही कबूल करू नका, विरोधक फलक करून लावतील. मी भाऊसाहेबांना तेच सांगितलं. ‘‘हे छापलं तर पक्ष मला पुन्हा पाठवत नाही. मी जाईन, वकिली करीन. तुमचं काय? पेन्शनला पुरतील एवढी वर्षं तरी भरली आहेत का?’’

‘‘तीन कमी पडतात.’’ ते गुडघ्यावर बसून कपाटाखालून पेन काढत होते. ‘‘माझं मी बघीन, बाई. पण तुम्ही चुकलात हे सांगितलं नाहीत, तर लोकांना दोन्ही पत्रं सारखीच वाटतील. कुठलं खरं धरायचं?’’

पेनाचं टोक मोडलं नाही ना, हे त्यांनी पाकिटाच्या मागे रेघ ओढून पाहिलं आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. मी पत्राची पहिली ओळ लिहिली: ‘मी चुकले.’ दोन शब्द. बावीस वर्षांच्या वकिलीत मी एवढं छोटं वाक्य लिहिलं नव्हतं. त्याच्याखाली काय चुकलं, मंत्री काय म्हणाले आणि अर्ज कसा करायचा, ते लिहिलं, आणि वृत्तांताचं ते पान सोबत छापलं. लिफ्टमनचा एकही ‘म’ पडला नाही.

विरोधकांनी फलक लावले, अर्थातच. माझा फोटो, खाली माझेच शब्द, ‘मी चुकले’. आमचे हे तसल्या एका फलकाखाली बराच वेळ उभे होते. घरी येऊन म्हणाले, ‘‘लग्नाला सव्वीस वर्षं झाली. हे वाक्य मला चौकात वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.’’ पक्षाला मात्र हसू आलं नाही. उमेदवारी दुसऱ्याला गेली. मी भाऊसाहेबांना सांगितलं तेव्हा ते पाकिटं चिकटवत होते. म्हणाले, ‘‘मग हातातली पत्रं संपवायला हवीत.’’ आणि पुढचं पाकीट घेतलं. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला, आणि त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली, की मी उगाचच कपाटाला लाथ मारली.

शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही खोकी बांधत होतो. दारात एक बाई येऊन उभी राहिली. साधारण चाळिशीची, हातात कापडी पिशवी, प्रवासानं दमलेली. आमच्या राज्यातून एक दिवस आणि एक रात्र गाडीत बसून आली होती. खोकी चिकटवण्याचं काम करते म्हणाली. कापायच्या पात्यानं तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती.

‘‘पैसे मिळाले,’’ ती म्हणाली. ‘‘साहेब आधी नाही म्हणाले, तुम्ही कारखान्यात जात नाही. मग ते पान दाखवलं. ‘मी चुकले’ लिहिणाऱ्या बाई कोण, ते बघायला आले.’’

मी तिला बसायला खुर्ची दिली. विचारलं, ‘‘पहिलंच पत्र मिळालं तेव्हा अर्ज नाही केलात?’’

‘‘नाही हो. तसली पत्रं किती येतात! मिळणार, होणार, देणार. ते मी चुलीत घातलं. दुसरं आलं तेव्हा वाटलं, खोटं सांगायचं असतं तर या बाईनं स्वतःची चूक कशाला लिहिली असती? हे खरं असणार. मग आमच्या गल्लीतल्या आम्ही नऊ जणींनी अर्ज केले.’’

ज्या दोन शब्दांमुळे माझी खुर्ची गेली, त्या दोन शब्दांवर नऊ जणींनी विश्वास ठेवला होता. मी भाऊसाहेबांकडे बोट केलं आणि म्हणाले, ‘‘ते माझ्याकडून यांनी लिहून घेतलं. मी लिहिणार नव्हते.’’ आणि त्यांना म्हणाले, ‘‘भाऊसाहेब, तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर.’’ सहा वर्षांत पहिल्यांदा म्हणाले.

ते बावरले. डिंकाच्या बाटलीचं झाकण दोनदा लावून पाहिलं. मग त्यांनी आपली खुर्ची त्या बाईजवळ ओढली आणि विचारलं, ‘‘नऊ जणींनी केले ना अर्ज? मिळाले किती जणींना?’’

‘‘सहा जणींना.’’

‘‘आणि तिघींचं कुठं अडलं?’’

ती सांगू लागली. कुणाकडे कारखान्याची चिठ्ठी नव्हती, कुणाच्या अर्जावर नवऱ्याची सही मागितली होती. भाऊसाहेबांनी बांधलेल्या खोक्याची दोरी सोडली आणि आतून कोरे कागद काढले. उद्यापासून या खोलीतून पत्र पाठवायचा अधिकार आम्हा दोघांनाही नव्हता. त्यांचा संगणक तर सकाळीच उचलून नेला होता.

‘‘बाई,’’ ते माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘माझा चष्मा खोक्यात गेलाय. तुम्ही लिहून घ्याल का?’’

मी पेनाचं टोपण काढलं, दाराजवळच्या त्यांच्या टेबलाशी बसले आणि ते सांगतील तसं लिहून घेऊ लागले.